खैरमाळची विहीर आणि एक जुना नकाशा

पठारावरून परत येऊन आता तीन आठवडे होतील. शाळा सुरू आहे, मुली अक्षांश-रेखांश घोकताहेत, घरात सगळं जागच्या जागी आहे. तरी कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला की माझा हात क्षणभर मागेच राहतो. धुळ्यात, देवपुरात आमच्या गल्लीत रोज कुणी ना कुणी विचारतं, "काय बाई, तुम्हाला म्हणे हेर म्हणून धरलं होतं?" आणि हसतं. प्रत्येकाला अर्धवट सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढावं, म्हणून हे.

सुरुवात झाली ती आग्रा रोडवरच्या एका रद्दीच्या दुकानात. वर्गासाठी जुनी मासिकं चाळत होते. गठ्ठ्याच्या तळाशी कापडावर चिकटवलेला एक घडीचा कागद निघाला. उलगडला तर साक्री तालुक्याचा नकाशा, एका इंचाला एक मैल, मोजणी पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. मी इतकी वर्षं भूगोल शिकवते, पण शाळेत आपल्याकडे भिंतीवरचा हिंदुस्थान असतो, फार तर जिल्हा. गावाच्या बाहेरचं चिंचेचं झाड दाखवणारा नकाशा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

तो वाचायचा कसा ते सांगते. तपकिरी रेषा समान उंचीच्या. त्या एकमेकींना खेटून आल्या की तिथे कडा समजायचा, सैल झाल्या की सपाटी. पांझरा आणि बुराई या दोन नद्यांच्या मधे या रेषा आधी खेटतात आणि मग एकदम विरळ होतात. तिथे पठार आहे. पठारभर हिरवा रंग, म्हणजे जंगल. त्या हिरव्यातून पश्चिमेकडे एक गाडीवाट गेलेली, तिच्याशेजारी बारीक अक्षरांत 'सुरतेकडे' असं लिहिलेलं, आणि वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर निळी टिंबं. प्रत्येक टिंब एक विहीर. आज सुरतेची मोटारसडक खालून, साक्री-दहिवेलवरून जाते. मग कोरड्या पठारावर ओळीनं विहिरी कुणी खोदल्या, कुणासाठी?

मी तो नकाशा शेजारच्या शांताभाभींना दाखवला. त्यांचं कापडाचं दुकान आहे. घराणं मूळचं मारवाडातलं, जैन. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, अंगानं भक्कम, आणि दुकानात बसून बसून माणसांशी बोलण्यात तरबेज. त्यांनी चष्मा लावला आणि त्या वाटेवर बोट ठेवलं.

"आमचे दादाससरे सुरतेहून बैलांवर कापड लादून इकडे आले, असं घरात सांगतात. ह्याच रस्त्यानं आले असतील का गं?"

"असतील. दुसरी वाट यात दिसत नाही."

"मग जाऊ या ना. बघू तरी ते पाणी कुठलं प्यायले."

घरच्यांनी सोबत एखादा पुरुष न्या म्हणून सांगून पाहिलं. भाभी म्हणाल्या, "नकाशा वाचायला मास्तरीण आहे, वाट विचारायला मी आहे. पुरुष काय करणार?" नोव्हेंबरचा शेवट होता. सरहद्दीवर काहीतरी चाललंय, निर्वासितांचे लोंढे येताहेत, हे वर्तमानपत्रात रोज वाचत होतो. पण ते फार लांबचं वाटत होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला मला सुटी होती, ती गाठून आम्ही निघालो.

खैरमाळ

साक्रीच्या पुढे एका फाट्यावर एस.टी.नं आम्हाला सोडलं. तिथून चढ. नकाशात खेटलेल्या रेषा पायांना कशा लागतात ते भाभींच्या धापांवरून कळत होतं. वर आलो आणि मी थांबले. नकाशा उघडला, पुन्हा समोर पाहिलं. मला वाटलं आपण चुकीच्या डोंगरावर चढलो.

हिरवं काही नव्हतंच. नजर पोचेल तिथवर पिवळं कुसळी गवत आणि उघडा काळा दगड. मधेच एखादं हिवराचं झाड, तेही शेळ्यांनी ओरबाडलेलं. पण ओढ्याचं वळण कागदावर होतं तसंच्या तसं होतं, उत्तरेची टेकडीही बरोबर जागेवर. म्हणजे डोंगर तोच. जंगल तेवढं नव्हतं. साठ वर्षांत माणूस म्हातारा होतो हे माहीत होतं. एवढं मोठं रान नाहीसं होतं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटलं नसतं.

खैरमाळ हे पठारावरचं पहिलं गाव, पंचवीस-तीस घरांचं. गावात शिरताच पहिल्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ सुंभ वळत बसले होते. त्यांना सगळे नाना म्हणत. दोन बायका पाठीला पिशव्या लावून डोंगर चढून आल्यात म्हटल्यावर त्यांनी सुंभ खाली ठेवलं.

"या, या. कोठल्या शेतस तुमी?"

"धुळ्याच्या," मी म्हटलं. "तुमचं पठार बघायला आलोय."

"पठारमा काय दखनं?" नाना हसले. पण ओटा झाडून दिला, सुनेला हाक मारली.

मी त्यांना जंगलाचं विचारलं. ते म्हणाले, "मी पोऱ्या व्हतू तवय आठे दिवसा वाघ बोले. मंग ती मोठी लढाई लागनी, ठेकेदार उनात, बठ्ठं कापी लई गयात. परत उगनंच नहीं." एवढं सांगून ते पुन्हा सुंभाकडे वळले. त्यांच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं आणखी काही नव्हतं.

गावाची विहीर खाली ओढ्याकाठी आहे. नकाशातल्या निळ्या टिंबांपैकी ही पहिली. घडीव दगडाची, आत उतरायला पायऱ्या असलेली. एवढ्याशा गावाला न शोभणारी. वरच्या दगडावर दोराच्या खाचा इतक्या खोल होत्या की त्यात माझं मनगट बसलं. एका गावाच्या पाण्यानं एवढी झीज होत नाही. तांडेच्या तांडे इथे थांबले असणार.

शांताभाभी बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून पांढरं गाळणं काढलं, कळशीच्या तोंडाला दुहेरी बांधून पाणी गाळलं. गाळून झाल्यावर गाळणं उलटं करून त्यावर थोडं पाणी ओतलं आणि ते पाणी अलगद पुन्हा विहिरीत सोडलं. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव आपल्यापायी मरू नयेत, ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत जावेत, म्हणून त्यांच्यात तसं करतात; त्या पाण्याला जीवाणी म्हणतात. मी ते रोज पाहते. विहिरीवरच्या बाया मात्र हंडे खाली ठेवून पाहत राहिल्या.

"काय करं ते, माय?"

भाभींनी समजावून सांगितलं. एक पोरसवदा सून तोंडावर पदर धरून हसली, "किडाले बी घर पोचाडतीस तुमी!" सगळ्याच हसल्या. भाभीही हसल्या.

त्या संध्याकाळी नानांच्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, हिरव्या वांग्याचं भरीत होतं, वर शेंगदाण्याचं तेल. आमच्या घरीही भरीत करतात, पण काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा तो धुरकट वास धुळ्याच्या स्टोव्हवर येत नाही. भाभी वांगं खात नाहीत, लसूण-कांदा खात नाहीत, आणि दिवस बुडल्यावर तर पाण्याचा थेंबही नाही. त्यांनी उन्हं असतानाच डब्यातले खाखरे आणि नुसती कोरडी भाकरी खाऊन घेतली. नानांच्या सुनेला त्याचं इतकं वाईट वाटलं की तिनं दोनदा विचारलं, "मन्हा हातनं काही चुकनं का?" निघताना तिनं आमच्या पिशवीत गुळाचे खडे घातले.

वाट

पुढचा दीड दिवस माझ्या आयुष्यातल्या उत्तम दिवसांपैकी होता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर जे घडलं त्यानं तो पुसला जाऊ नये असं मला वाटतं.

सुरतेची वाट सापडली. गवताखाली काळ्या दगडात चाकांनी पाडलेल्या दोन समांतर चाकोऱ्या, पोटरीएवढ्या खोल. भाभी चपला काढून त्या चाकोरीतून अनवाणी चालल्या. एका ठिकाणी नकाशात खैरमाळ हेच नाव दुसऱ्यांदा लिहिलेलं होतं, पुढे 'जुनं, ओसाड' अशी नोंद. तिथे गेलो तर घरांचे चौथरे, एक छप्पर नसलेला मारुती आणि जमिनीत निम्मा रुतलेला वीरगळ. तलवार उगारलेला माणूस, खाली त्याच्या गायी. कुणीतरी गायी न्यायला आलं असेल, हा आडवा गेला असेल. नाव लिहिलेलं नव्हतं. साठ वर्षांपूर्वी मोजणीवाले आले तेव्हाही ते गाव ओसाडच होतं. म्हणजे त्याआधी कधीतरी लोक उठून वर आजच्या जागी गेले. का गेले ते ना कागद सांगत होता ना दगड.

नकाशातल्या विहिरींपैकी दोन सापडल्या, एक बुजलेली, एकीत पिंपळ उगवलेला. रात्र आम्ही पठाराच्या पश्चिम टोकाला चार झोपड्यांच्या एका वस्तीवर काढली. तिथल्या लोकांची बोली आम्हाला कळेना, आमची त्यांना. नागलीची भाकरी आणि शेकोटी यांवर सगळा व्यवहार झाला. रेडिओ तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता.

तेवढ्या वेळात देशात काय झालं ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

परत खैरमाळ

दुसऱ्या दिवशी परतताना उशीर झाला. खैरमाळच्या ओढ्याशी आलो तेव्हा सूर्य टेकडीला टेकत होता. भाभींना घाई, कारण एकदा दिवस बुडाला की सकाळपर्यंत पाणी नाही, आणि दिवसभर चालून घसा कोरडा पडलेला. त्या भराभर पायऱ्या उतरल्या, पाणी काढलं, गाळलं, पोटभर प्यायल्या, आणि गाळणं उलटं करून जीव परत विहिरीत सोडले. मी वर उभी राहून शेवटच्या उजेडात नकाशा उघडला होता, विहिरीच्या टिंबाशेजारी पेन्सिलीनं खूण करत होते.

ओढ्यापलीकडे एक म्हातारी उभी होती. डोक्यावर काटक्यांचा भारा. आधी आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. मी हात वर केला. तिनं भारा तिथेच टाकला आणि वळून गावाकडे पळत सुटली. त्या वयात तिनं असं पळावं याचं मला नवल वाटलं, बस.

आम्ही गावात शिरलो तर दारं बंद होत होती. दोन दिवसांपूर्वी पाठीमागून धावणारी कुत्री तेवढी आली. नाना ओट्यावर उभे होते. मी "नाना, आलो बरं का," म्हटलं. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

मग गल्लीतून माणसं आली. दहा-वीस असतील, हातांत काठ्या, कुणाकडे कुऱ्हाड. पुढे हिरामण नावाचा एक तरुण, गळ्यात ट्रान्झिस्टर लटकवलेला. तो शाळेत सातवीपर्यंत गेलेला, हे नंतर कळलं.

"तो कागद दाखाडा," तो म्हणाला.

"नकाशा आहे. पण झालंय काय?"

"लढाई लागेल शे. तुमले म्हाईत नहीं? रेडिओवर सांगं, दुसमनना हेर फिरी ऱ्हायनात म्हनीसन."

लढाई लागली! तेवढ्यात हिरामणनं माझ्या हातातून नकाशा ओढून घेतला आणि कंदिलाशी नेला. बोटानं एकेक इंग्रजी अक्षर जुळवत तो वाचू लागला. आणि त्याचा चेहरा बदलला.

"खैरमाळ लिखेल शे! आपलं गाव! हाई आपला ओढा. हाई... हाई आपली हीर!"

गर्दी पुढे सरकली. मला वाटलं, आता समजावलं की संपेल. शिक्षिकेचा आवाज काढून मी म्हणाले, "हा आपल्या सरकारचाच नकाशा आहे. फार जुना. साठ वर्षांपूर्वीचा."

"कोन्त्या सरकारना?"

"तेव्हा इंग्रज सरकार होतं..."

"म्हंजे परक्यासना!" कुणीतरी ओरडलं.

"आमनी हीर त्यासना कागदमा कशी? आमले न इचारता कोनी लिखं?"

मी जितकं दाखवत गेले, ही तुमची टेकडी, हा तुमचा मारुती, ही गाडीवाट, तितके ते जास्त हादरत गेले. आपलं सगळं गाव, पाणवठ्यासकट, कुणाच्या तरी घडीत बसतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. मला निर्दोष ठरवणारी प्रत्येक गोष्ट माझ्याविरुद्ध जात होती.

मग गर्दीतून ती काटक्यांची म्हातारी पुढे आली. तिला गोजरआक्का म्हणत. तिनं शांताभाभींकडे बोट केलं.

"हिनी हीरमा कायतरी टाकं. मी दखं, मन्हा डोयानं दखं. फडकं उलटं करीसन टाकं!"

पठारावर पाणी तेवढंच होतं.

भाभींना काय म्हणतात ते लगेच कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या घाबरून मराठी सोडून हिंदीत बोलायला लागल्या, "अरे भैया, वो तो जीवाणी है, हम लोग..." आणि घात झाला.

"हिंदी बोलस! दखा, हिंदी बोलस!"

"बाया नहीत ह्या! लुगडं नेसेल गडी शेतस!"

कुणीतरी भाभींचा पदर खेचला. त्यांचा अंबाडा सुटला, पांढरे-काळे केस खांद्यावर आले. माझ्या दंडावर एक ढेकूळ येऊन फुटलं. भाभींचं गाळणं कुणीतरी हिसकावून काठीच्या टोकावर धरलं होतं, विंचू धरावा तसं. दोन दिवसांपूर्वी "किडाले बी घर पोचाडतीस" म्हणून हसलेली सून मला गर्दीत दिसली. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"बाईसले हात लावू नका!" नाना ओट्यावरून गरजले. ते खाली उतरून आमच्या आणि गर्दीच्या मधे आले. पण त्यांनीही आमची बाजू घेतली नाही. "पोलीस पाटील साक्रीले जायेल शे. सकाय येई. तवलोंग ह्यासले कोठीमा ठेवा."

"आनि तवलोंग पानी?" गोजरआक्का म्हणाली. "पोरंसोरं काय पितीन? ढोरं काय पितीन?" ती भाभींच्या अगदी समोर आली. "टाकं नहीं म्हनस ना? मंग पी. आमना समोर पी."

"त्या प्यायल्यात," मी म्हणाले. "आत्ताच, तुम्ही पाहिलंत."

"पहिले पिनी. मंग टाकं. आते पिई दाखाड."

मी पुढे झाले. "मी पिते. आणा."

"तू नहीं. जिनी टाकं तीच."

मी भाभींकडे पाहिलं. टेकडीमागचा तांबूसपणाही विझला होता. दिवस बुडाला होता. लग्न होऊन आल्या तेव्हापासून, तापात फणफणल्या असताना, बाळंतपणात सुद्धा, त्यांनी दिवस बुडाल्यावर पाणी घेतलेलं नाही. त्यांच्या सासूबाईंनी हे मला कौतुकानं सांगितलेलं. मी ओरडून सांगायला लागले की यांचं व्रत आहे, सकाळी पितील, सकाळपर्यंत थांबा. कुणाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी ते निमित्त वाटलं असणार.

भाभींनी माझ्या हातावर हात ठेवला. "गप बस," त्या म्हणाल्या. "पोरंबाळं तहानेली राहतील यांची."

हिरामणनं घागर आणली. गाळणं मागून उपयोग नव्हता. भाभींनी केस मागे सारले, पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यांनी ओंजळ धरली आणि न गाळलेलं पाणी प्यायल्या. एकदा, दोनदा. तिसऱ्या ओंजळीला गोजरआक्का म्हणाली, "बस."

मग सगळे वाट पाहत बसले.

हे मला कसं सांगावं कळत नाही. अख्खं गाव मातीत उकिडवं बसलं आणि एक बाई मरते का ते पाहू लागलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी आवाज केला नाही. गोजरआक्का भाभींच्या तोंडाकडे टक लावून होती. एका क्षणी भाभींना ठसका लागला. गर्दीतून श्वास घेतल्याचा आवाज आला. मला माहीत होतं पाण्यात काही नाही. तरी मी भाभींचा हात धरून नाडी बघत होते.

शेवटी भाभीच बोलल्या, मराठीत. "आक्का, बसू का मी? पाय फार दुखतात."

मग नाना उठले. त्यांनी त्याच घागरीत तांब्या बुडवला आणि उभ्या उभ्या घटाघट प्यायले. तांब्या पालथा करून दाखवला. त्यांच्यामागून विहिरीवरची ती पोरसवदा सून आली, ओंजळ धरून प्यायली. मग एकेक करून लोक उठले, घागरीला हात लावून आपापल्या घरी गेले.

गोजरआक्का प्यायली नाही. ती तिथेच बसून राहिली. आम्हाला नानांच्या ओट्यावर घोंगडी मिळाली, कोठीत कुणी टाकलं नाही.

सकाळ

पोलीस पाटील उन्हं वर आल्यावर आले. चांगले गृहस्थ. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, गावाला चार शब्द सुनावले, आमच्यासाठी चहा करवला. पण नकाशा मात्र ठेवून घेतला. "बाई, दिवस असे आहेत. हा मला तालुक्याला जमा करावा लागेल. तुम्हीही परत काढू नका असलं काही." मी हो म्हटलं.

त्यांनी नकाशा घडी करायला घेतला, तेवढ्यात गोजरआक्का आली. रात्रभर झोपली नसावी. मला वाटलं, माफी मागेल. ती माझ्यासमोर बसली आणि नकाशावर हात ठेवून म्हणाली, "ह्यामा लढाई कोठे शे, दाखाड."

मी गोंधळले. नाना हळूच म्हणाले, "तिना पोऱ्या फौजमा शे. एकच शे."

रात्रीपासून जे मला कळत नव्हतं ते त्या दोन वाक्यांत कळलं.

"यात लढाई नाही, आक्का," मी म्हणाले. "हा कागद इथेच संपतो. बघा, ही कड. इथून पुढचं काहीच यात नाही."

तिनं कडेवर बोट फिरवलं. "आमनी हीर लिखेल शे, आमना मारुती लिखेल शे. मन्हा पोऱ्या नहीं लिखेल?"

मी उठले. अंगणात बाजरीचं एक ताट पडलं होतं, ते घेतलं आणि धुळीत हिंदुस्थान काढायला लागले. वर्गात फळ्यावर शेकडो वेळा काढला असेल. ही सातपुड्याची रेघ. ही तापी. इथे धुळं, आणि हे टिंब खैरमाळ. माणसं जमू लागली. रात्रीचेच सगळे. आणि ही इकडची सरहद्द, पश्चिमेची. आणि ही तिकडची, पूर्वेची. लढाई दोन्हीकडे आहे.

"मंग तो कोठे शे?"

"कुठल्या बाजूला ते लिहितो का तो?" मी विचारलं.

नाही. त्याच्या पत्त्यात गाव नसतं, नुसता नंबर असतो. फौजवाले ते कुणालाच सांगत नाहीत.

गोजरआक्कानं खैरमाळच्या टिंबावर अंगठा ठेवला आणि वीत पसरली. पश्चिमेच्या रेघेपर्यंत एक वीत भरली. मग पूर्वेकडे, एक वीत, दुसरी वीत, तिसरी अर्धी. "इतला दूर?" ती म्हणाली. हिरामण मान खाली घालून उभा होता, ट्रान्झिस्टर बंद.

तिनं कनवटीला हात घातला, ज्वारीचे दोन दाणे काढले. एक पश्चिमेच्या रेघेवर ठेवला, एक पूर्वेच्या. मग ती शांताभाभींकडे गेली आणि त्यांच्या दोन्ही पायांवर डोकं टेकलं. भाभींनी तिला उठवलं. भाभींनी त्या दिवशी उपवास धरला होता, रात्रीच्या पाण्याचं प्रायश्चित्त म्हणून. चहाही घेतला नाही.

धुळ्याला उतरलो तेव्हा ब्लॅकआऊट होता. पांझरेच्या पुलावर दिवे नव्हते, एस.टी.च्या काचांना निळा कागद चिकटवलेला. अंधारात चालताना भाभी म्हणाल्या, "मी त्या दोन-तीन ओंजळींत किती जीव प्यायले असतील गं?"

लढाई संपली. मिठाई वाटली गेली, मिरवणूक निघाली. शांताभाभी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, तुम्ही साक्रीकडचे का, वरच्या पठारावरचे का. काल एकजण निघाला, खैरमाळच्या शेजारच्या गावचा. भाभींनी मला शाळेतून बोलावून घेतलं.

"गोजरआक्काच्या मुलाची काही खबर?" मी विचारलं.

"कागद उना नहीं अजून," तो म्हणाला. "पन नानाना अंगनमा काहीतरी काढेल शे म्हनतस, रेघा. म्हातारी तठे कोनले पाय ठेवू देस नहीं. चारी बाजूले दगड मांडेल शेतस. दोन दाना ठेवस, चिमन्या खाई जातस. रोज सकाय उठीसन परत ठेवस, एक आठे, एक तठे."